पडद्यामागचा प्रेक्षक

“डावा नाही रे, उजवा! तू उलटं बघितलंस!”

सर असं म्हणाले आणि अख्खा हॉल हसला. डॉक्टर मॅडम हसल्या, वकीलसाहेब हसले, बँकेतले साहेब तर तोंडाला रुमाल लावून हसले. मी पडद्याशेजारी उभा. एका हातात गुंडाळलेली वायर, दुसरा हात अजून वर. बोलायची परवानगी मागायला वर केलेला. तो खाली कसा घ्यायचा तेच सुचेना. मग मी काय केलं? मीपण हसलो. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसलो. आजही ते हसणं आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

पिक्चर बर्फाच्या देशातला होता. जुना, काळापांढरा. पोरगा तुरुंगातून सुटून घरी येतो. बाप काही बोलत नाही. टेबलावर ताटली ठेवतो, पाव मोडतो, पोराच्या ताटलीत टाकतो. बस्. पिक्चर संपल्यावर सर नेहमीसारखं म्हणाले, “बोला, कुणाला काय जाणवलं?” तीन वर्षं मी हा प्रश्न ऐकत होतो. तीन वर्षांत पहिल्यांदा हात वर केला. म्हणालो, “सर, बाप पोराला डाव्या हातानं वाढतो. आमच्यात डाव्या हातानं वाढलं म्हंजी...”

पुढचं तोंडातच राहिलं.

माझी आई ज्या घरी राबायला जायची तिथली बाई तिला भाकरी डाव्या हातानं द्यायची. द्यायची म्हणजे वरून सोडायची. आई पदर पसरायची. मी आईच्या पाठीमागं उभा राहून तो हात बघितलेला आहे. बांगड्यांसकट. त्यामुळं डावा हात मला कुठंही ओळखू येतो. बर्फात असला तरी.

पण तो डावा नव्हताच. उजवा होता. मला डावा दिसला, कारण मी पडद्याच्या मागं बसलो होतो.

आता मागं का बसलो होतो, ते सांगतो.

धाराशिवात माझी साउंड सर्व्हिस आहे. लग्न, भाषण, हळदीकुंकू, निरोप समारंभ, कुठंही बोलवा. दोन स्पीकर, एक अॅम्प्लिफायर, चार माईक आणि त्यातला एक कायम आजारी. शहरातल्या शिकल्यासवरल्या मंडळींनी जगातले चांगले सिनेमे बघायचा एक क्लब काढला. महिन्यातल्या दोन रविवारी, दुपारी, एका मंगल कार्यालयाच्या छोट्या हॉलात. अध्यक्ष म्हणजे आमचे सर, कॉलेजातून रिटायर झालेले. प्रोजेक्टर क्लबचा, आवाज माझा. पडदा बांधायचा, खुर्च्या मांडायच्या, खिडक्यांना काळं कापड लावायचं, सगळं माझ्याकडं. साठ खुर्च्या मी मांडायचो. एकसष्टावी मांडायची अक्कल मला तीन वर्षांत आली नाही.

पहिल्या रविवारी मी सगळ्यात मागच्या रांगेत, भिंतीकडंच्या खुर्चीवर टेकलो. दिवे गेले. सर वाकून आले आणि हळूच म्हणाले, “अरे, तू तिकडं बस. अॅम्प्लिफायरजवळ. वायर निघाली बिघाली तर कुणीतरी पाहिजे ना तिथं.”

अॅम्प्लिफायर स्टेजवर होता. पडद्याच्या मागं. मी गेलो. मला तर वाटलं, सरांनी केवढी जबाबदारी टाकली माझ्यावर! घरी जाऊन बायकोला रुबाबात सांगितलं, “माझ्याबिगर त्यांचा पिक्चर चालत न्हाय.” ती कणीक मळत होती. म्हणाली, “व्हय का.” एवढंच. त्या दोन शब्दांत काय होतं ते कळायला मला पुढं लई वेळ लागला.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. सर मला अरेतुरे करायचे. माझं वय चव्वेचाळीस. क्लबात कॉलेजात शिकणारी दोन पोरं यायची, त्यांना सर “तुम्ही” म्हणायचे.

पडद्याच्या मागून पिक्चर बघणं हा एक वेगळाच प्रकार आहे. पडदा म्हणजे पांढरं कापड, पातळ. चित्र पलीकडूनही दिसतं, फक्त उलटं. डावीकडचं उजवीकडं. खाली इंग्रजी अक्षरं यायची, ती तर उताणे पडलेल्या किड्यांसारखी दिसायची. आधीच माझं इंग्रजी बारावीत अडकलेलं, त्यात ते उलटं. मी वाचायचा नाद सोडला. आणि दुसरं म्हणजे मधोमध प्रोजेक्टरचा डोळा दिसतो. कापडातून आरपार, भर दुपारच्या सूर्यासारखा. पिक्चरमधला माणूस मधोमध आला की त्याचं तोंड त्या उजेडात जळून जातं. तीन वर्षांत मी जगभरचे पिक्चर बघितले, पण एकाही हिरॉइनचं तोंड मला धड सांगता येणार नाही.

म्हणून मी कडेचं बघायला लागलो. हात. पाय. चपला. दाराच्या कोपऱ्यात ठेवलेली बादली. एका पिक्चरमध्ये म्हातारी दार लावायच्या आधी क्षणभर थांबते आणि बाहेर पडलेली चप्पल पायानंच सरळ करते. परत न येणाऱ्या माणसाची चप्पल. ते बघून मी त्या अॅम्प्लिफायरशेजारी बसून ढसाढसा रडलो. दुसऱ्या एका पिक्चरमध्ये एक मजूर पगार घेताना हात आधी विजारीला पुसतो. बोली न कळता, नाव न कळता मला त्या माणसाचं सगळं आयुष्य कळलं. मला वाटायचं, हे पिक्चर बनवणारे लोक आमच्या घरी येऊन गेलेत. पुढं साठ माणसं बसलीत आणि मागं मी एकटा, पण आम्ही सगळे मिळून एकच गोष्ट बघतोय, असं वाटायचं.

मी बावळट होतो, हे मी सांगितलं का? सांगितलं नसेल तर आता सांगतो.

तर त्या डाव्या हाताच्या दिवसापासून माझं नाव पडलं, “उलटे समीक्षक”. चहाच्या वेळी वकीलसाहेब म्हणायचे, “काय उलटे समीक्षक, आज सूर्य कुठं उगवला?” मी म्हणायचो, “पश्चिमेला साहेब!” हशा. माझा हशा त्यांच्यात मिसळलेला. मीच मग गंमत म्हणून चहाचा कप उलटा धरून दाखवायचो. कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. अपमानाला सवय लागली की माणूस त्याला आपल्या हातानं फुलं वाहतो. मी वाहिली. डाव्या हातानं का उजव्या, ते सोडा.

आणि मग मी डोकं चालवलं. माझं डोकं चाललं की काहीतरी वाईट होतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मी विचार केला, चूक माझी आहे. मला उलटं दिसतं. तर ते सुलटं करायला पाहिजे. गेलो बाजारात आणि एक आरसा आणला. न्हाव्याकडं मान दाखवायला असतो तसला, चौकोनी. पुढच्या रविवारी पडद्याकडं पाठ करून बसलो आणि आरशात बघायला लागलो. काय सांगू! डावा डावीकडं, उजवा उजवीकडं. अक्षरं वाचता यायला लागली. मला वाटलं, जिंकलो.

त्या दिवशीच्या पिक्चरमध्ये एक बाई अंधाऱ्या खोलीत नवऱ्याची वाट बघत बसलेली असते. बराच वेळ काहीच घडत नाही. मी आरसा कधी गुडघ्यावर, कधी हातात, कधी असा, कधी तसा. मान अवघडली. पिक्चर संपला, दिवे लागले, चर्चा सुरू झाली.

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, “मला सगळ्यात काय भावलं सांगू? अंधारात भिंतीवर तो जो उजेडाचा ठिपका हलत राहतो. थरथरत. म्हणजे तिचं मनच ते.”

“अगदी!” सर म्हणाले. “तो ठिपका म्हणजे दिग्दर्शकाची सही आहे. बाहेरचं जग तिला खुणावतंय आणि ती उठत नाही.”

बँकेतल्या साहेबांनी डायरीत लिहून घेतलं. कॉलेजातल्या पोरीनं विचारलं, “सर, शेवटी तो ठिपका तिच्या कपाळावर येतो, ते मुक्तीचं चिन्ह का?” सर म्हणाले, “तुम्ही फार छान पाहिलंत.”

मागं मी आरसा पालथा घातला. प्रोजेक्टरचा उजेड कापडातून येऊन माझ्या आरशावर पडत होता आणि आरशावरून परत पडद्यावर. ते मन, ती सही, ती मुक्ती, ते सगळं माझ्या गुडघ्यावर होतं.

शहाणा माणूस गप्प बसला असता. मी आरसा घेऊन बाहेर आलो. खरंच सांगतो, कुणाची जिरवायची म्हणून नाही आलो. मला वाटलं, सगळे हसतील. मीही हसेन. आपल्यातली गंमत. मी म्हणालो, “सर, त्यो ठिपका माझ्या आरशाचा व्हता.”

कुणी हसलं नाही.

डॉक्टर मॅडम पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या. साहेबांनी डायरी मिटली. मी उलटं बघितलं तेव्हा हसायला सगळे मोकळे होते. ते चुकले तेव्हा हॉलात पंख्याचा आवाज येत होता. सर उठले. माझ्या जवळ आले. आवाज चढवला नाही.

“तुला सांगितलंय तेवढंच काम कर. सिनेमा बघायला तुला कुणी बोलावलेलं नाही.”

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहितोय. एक शब्द इकडचा तिकडं नाही. तीन वर्षं. तीन वर्षं मी स्वतःला प्रेक्षक समजत होतो. ते मला वायर समजत होते.

घरी गेलो. जेवलो नाही. बायकोनं विचारलं तर सगळं सांगितलं. वाटलं, ती आरशावर हसेल. ती आरसा हातात घेऊन बघत बसली. मग म्हणाली, “अवं, आरसा कशाला आणला तुमी?”

“उलटं दिसतं म्हणून.”

“उलटं तुमाला दिसतं का? उलटं त्यांनी बसवलंय तुमाला. आरसा आणण्यापरीस खुर्ची घ्यायची. तुमीच मांडता की साठ खुर्च्या.”

आठवी शिकलेली बाई. जगातला एक पिक्चर बघितलेला नाही. मला तीन वर्षं जे दिसलं नाही ते तिला चार वाक्यांत दिसलं. मी जाऊन आरसा न्हाव्याला देऊन टाकला. त्याला खरंच लागत होता.

पुढच्या रविवारी मी दुपारी एक वाजताच हॉलवर गेलो. पहिलं काम, अॅम्प्लिफायरच्या वायरी चिकटपट्टीनं घट्ट बांधल्या. दोन मिनिटं लागली. दोन मिनिटांचं काम. त्याच्यासाठी माणूस बसवला होता तीन वर्षं. मग खुर्च्या मांडल्या. एकसष्ट. दुसऱ्या रांगेत, मधोमध जाऊन बसलो. इस्त्रीचा शर्ट घातला होता. पाय खुर्चीखाली दाबून धरले.

लोक आले. डॉक्टर मॅडमनी माझ्या शेजारच्या खुर्चीवर ठेवलेली पर्स उचलली आणि चौथ्या रांगेत गेल्या. सर आले. मला बघून थांबले.

“अरे, मागं कोण आहे?”

“कुणी न्हाय, सर.”

“मग वायर निघाली तर?”

“न्हाय निघत. बांधलीय.”

“तरी कुणीतरी लागतं तिथं.”

“न्हाय लागत सर. आधीपण लागत नव्हतं.”

सगळे ऐकत होते. सर हसले, पण ओठांनीच. म्हणाले, “बरं, बस आजच्या दिवस.” म्हणजे खुर्ची मीच मांडलेली आणि परवानगी त्यांची. मी म्हणालो, “आजच्या दिवस न्हाय. मी इथंच बसणार हाय.”

पिक्चर सुरू झाला. मी पहिल्यांदा समोरून बघत होतो. तोंडं दिसत होती! माणसांना डोळे होते! कुठला पिक्चर होता विचाराल तर सांगता येणार नाही. माझं सगळं लक्ष माझ्या पाठीकडं होतं. मागच्या चाळीस लोकांची नजर शर्टातून आत शिरत होती.

चर्चा सुरू झाली. मी हात वर केला. सरांनी इतर सगळ्यांना आधी बोलू दिलं. शेवटी नाइलाजानं माझ्याकडं मान हलवली.

मी उभा राहिलो. म्हणालो, “आजच्या पिक्चरचं न्हाय. त्या दिवशीच्या बर्फातल्या पिक्चरचं बोलतो. माझं बोलणं अर्धं राहिलं व्हतं. हात उजवा व्हता, माझी चूक. पण बाप वाढताना टेबलाखाली त्याचं पाय बघा. दोन्ही पाय मागं सरकत्यात. खुर्चीच्या आत. बाप रागावलेला न्हाय. बाप पोराला भितोय. सगळे म्हणाले बाप कठोर हाय. त्यो कठोर न्हाय. घाबरलाय.”

सर म्हणाले, “असं काही नाही त्यात. पुन्हा काहीतरी उलटंच बघितलं असशील.” थोडं हसू झालं. पहिल्यापेक्षा कमी. मी हसलो नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या हसण्यात नव्हतो.

मंगळवारी क्लबच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सरांचं टिपण आलं. निरोप देण्याघेण्यासाठी मला त्यात घेतलेलं होतं. सरांच्या फोनात माझं नाव “साउंड” असं सेव्ह आहे, हे मी एकदा डोळ्यांनी बघितलेलं. टिपण मोठं होतं, भाषा भारी. पण मधे लिहिलं होतं की, पुन्हा पाहताना माझं लक्ष टेबलाखाली मागे सरकणाऱ्या पायांकडे गेलं आणि पित्याच्या कठोरपणामागचं भय उलगडलं. खाली टाळ्यांचे हात. डॉक्टर मॅडमचे पाच. वकीलसाहेबांनी लिहिलं, “काय नजर आहे सर!”

म्हणजे सरांनी घरी जाऊन पिक्चर परत लावला होता. पाय बघितले होते. पाय होते तिथंच होते. फक्त ते माझ्या तोंडातून आले तेव्हा नव्हते.

मी टाइप केलं, “हे रविवारी मी बोललो होतो.” चार वेळा खोडलं, पाचव्यांदा पाठवलं. दोन मिनिटांत मी ग्रुपच्या बाहेर. संध्याकाळी वकीलसाहेबांचा फोन. “पुढच्या वेळेपासून यायची गरज नाही. दुसरी व्यवस्था झालीय. आणि एवढी गुर्मी बरी नाही. तुम्हा लोकांना जगाचा सिनेमा दाखवला आम्ही, त्याची जाण ठेव.”

तुम्हा लोकांना. तेवढं ऐकून मी फोन ठेवला.

माझ्या वस्तीतले दोघंतिघं म्हणाले, “काय मिळवलंस? काम गेलं ना?” गेलं. ते खोटं नाही.

महिनाभरानं मी गावाकडं गेलो, बेंबळीच्या बाजूला. माझा बाप तिथं एकटा राहतो. सत्तर पार. तिथली पोरं मागं लागली होती, समाजमंदिरात पिक्चर दाखव म्हणून. लग्नात फोटो दाखवायला घेतलेला एक जुना प्रोजेक्टर माझ्याकडं आहे. बर्फाचा पिक्चर क्लबच्या पेनड्राइव्हमध्ये माझ्याकडं राहून गेला होता. तो मी परत करायला विसरलो. मुद्दाम विसरलो, म्हणा. दुपारी खिडक्यांना ब्लँकेटं अडकवली, मधोमध पाइपवर पडदा ताणला. वस्ती जमली. सतरंज्या भरल्या. मी मधे मधे मराठीत सांगत होतो, कोण कुणाचा कोण.

बराच वेळ झाला, बा दिसेना. दारात बघितलं, नाही. मग पडद्याच्या खालून पाय दिसले. मी मागं गेलो.

बा पडद्याच्या मागं उकिडवा बसला होता. टोपी गुडघ्यावर. शेजारी दोन म्हाताऱ्या आणि शेजारचा एक तात्या. चौघं मान वर करून उलटा पिक्चर बघत होते.

“बा, हितं का बसलाव? पुढं चला की.”

“हितंच बरं हाय,” बा म्हणाला. “आमची जागा हितंच असती.”

“कुणी सांगितलं?”

“कुणी सांगाय कशाला पायजे? जत्रंत तंबूत शिनेमा यायचा. आमी समदे पडद्याच्या मागंच बसायचो. फुडं त्यांची मानसं.”

“तिकीट लागायचं न्हाय, म्हणून का?”

बानं माझ्याकडं बघितलं. “लागायचं की. तेवढंच. जेवढं फुडच्यांना तेवढंच.” मग पडद्याकडं बघत म्हणाला, “लई वर्सं म्या समजायचो, शिनेमातली मानसं समदी डावरीच असत्यात.”

तात्या हसला. म्हाताऱ्या हसल्या. बा पण हसला. कसा? मी त्या हॉलात हसलो होतो तसा. अगदी तसाच.

मी पिक्चर बंद केला. पोरं ओरडली. पडदा पाइपावरून सोडला. कुणाच्या तरी घरातून हातोडी आणली, खिळे आणले आणि समाजमंदिराच्या मागच्या भिंतीवर पडदा ठोकायला घेतला. चार कोपरे, मग मधे मधे. बा मागं लागला, “आरं, चालू हुतं की चांगलं! कशाला मोडतोस?” मी ठोकत राहिलो. एक घाव अंगठ्यावर बसला, कारण खिळा ठोकायची अक्कलही मला नाही. रक्त कापडाला लागलं. राहू दिलं.

पिक्चर परत लावला. म्हाताऱ्या पुढं येऊन बसल्या. बा बसला नाही. त्याला पुढं बसता येईना. सगळा पिक्चर तो दारात उभा राहून बघत होता, एक पाय बाहेर ठेवून. मी हात धरून ओढला, तर म्हणाला, “ऱ्हाऊ दे. अवघडल्यावानी हुतंय.” सत्तर वर्षं एका माणसाच्या अंगात असं काय भरलं असेल, की स्वतःच्या वस्तीत, स्वतःच्या पोराच्या पिक्चरला त्याला खाली बसता येत नाही? ते मला माफ करता येत नाही. बापाला नाही. ज्यांनी भरलं त्यांना. आणि तीन वर्षं जो मी ते आपल्या हातानं भरून घेत होतो, त्यालाही.

आता मला पिक्चर दाखवायला कुणीही बोलावलं, शाळेनं, संस्थेनं, मंडळानं, की मी आधी भिंत बघतो. पडदा भिंतीला ठोकून लागणार. मधे बोट घालायला जागा ठेवणार नाही. आयोजक म्हणतात, भिंत खराब होते. होऊ दे. म्हणतात, स्टँडवर लावा, बरं दिसतं. नाही लावणार. पडद्याला मागची बाजूच ठेवायची नाही, म्हणजे तिथं कुणाला बसवता येणार नाही. ज्याला हे चालत नसेल, त्यानं दुसरा माणूस बघावा.